'नको'ची शिडी

पेंटर सोमवारी सकाळी बालवाडीत गेला तो साफ 'नको' म्हणायला, आणि तासाभराने परत आला तो 'हो' म्हणून. बरं, नुसतं हो म्हणून आला असता तरी एक वेळ चाललं असतं. हा पठ्ठ्या वर्गाच्या खुर्च्या मांडायचं काम अंगावर घेऊन, दारावरची पाटी फुकटात रंगवून द्यायचं कबूल करून आणि अजिबात न आवडणारी चार बिस्किटं खाऊन आला.

त्याला सगळे पेंटरच म्हणत. दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, बागांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. 'प्रवेश बंद', 'हात लावू नये', 'येथे गाडी उभी करू नये', 'हिरवळीवर चालू नये' असले ठसठशीत नकार त्याने शहरभर ठोकून ठेवले होते. अक्षर असं की वाचणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. पण तोंडाने म्हणाल, तर या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कुणाला नको म्हटलेलं नव्हतं. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांना त्याचं घर पाठ होतं. घरात धूळ ओढायची तीन यंत्रं होती आणि धूळ जेमतेम एका यंत्रापुरती. पोहायला येत नसताना तो पोहण्याच्या क्लबाचा सभासद होता. अकरा वर्षांपूर्वी न्हाव्याने त्याच्या कपाळावर केसांची एक झालर ठेवली, "छान दिसतेय ना?" असं विचारलं, आणि तेव्हापासून ती झालर तिथेच लोंबत होती.

सगळ्याला कारण झाली ती बालवाडीची चिठ्ठी. 'जी मुलं वर्गात बुजतात, बोलत नाहीत, अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी सहा आठवड्यांचा खास वर्ग, दर शनिवारी. आपली संमती कळवावी.'

पेंटरची मुलगी साडेचार वर्षांची. घरात सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो डोळे मिटेपर्यंत. आंघोळ करताना ती साबणाला रागवायची, जेवताना चमच्याला उपदेश करायची. पण बालवाडीच्या फाटकात पाऊल पडलं की कारभार आटोपला. तिथे मूग गिळून बसते म्हणून घरात तिचं नाव मुगी पडलं होतं. सात महिने झाले, पोरीने तिथे ब्र काढला नव्हता. कोट अडकवायच्या खुंट्यांखाली भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गेल्या महिन्यात तिला शू लागली आणि ते सांगता आलं नाही. घरी आली तेव्हा अंगात दुसऱ्याच कुणाची विजार होती. त्या दिवशी ती साबणाशीही बोलली नाही.

"माझी पोर काय गळका नळ आहे दुरुस्त करायला?" पेंटर चिठ्ठी नाचवत म्हणाला. घरात त्याचाही आवाज चांगला चढायचा. "मीही लहानपणी असाच होतो. मला कुणी घातलं होतं वर्गात? काय वाईट झालं माझं?"

बायकोने एक नजर तीन यंत्रांवर टाकली आणि एक झालरीवर.

ती वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन संध्याकाळी हसत घरी यायची, अशी भक्कम बाई. लग्नाचंसुद्धा तिनेच विचारलं होतं. 'हा बिचारा नाही म्हणूच शकला नसता,' हे ती पाहुण्यांना रंगवून सांगायची आणि पाहुणे खदखदून हसायचे. ते एकच हो आपण मनापासून दिलं होतं, हे पेंटरने कधी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसमोर असलं कसं सांगणार?

"हे बघ," ती म्हणाली, "तुला नको असेल तर नको. पण ते तू स्वतः जाऊन सांगायचंस. मी फोन करणार नाही."

आली का पंचाईत!

खरी गोष्ट त्याने बायकोलाही नीट सांगितली नव्हती. पाच वर्षांचा असताना मामाने त्याला भरल्या घरात टेबलावर उभं केलं होतं, पोराला धीट करायचं म्हणून. गाणं म्हटल्याशिवाय खाली उतरवणार नाही, असं हसत हसत बजावलं होतं. गाणं काही फुटलं नाही. व्हायचं ते चड्डीत झालं, आणि सगळं घर हसलं. आता तो पस्तिशीचा झाला होता, पण ते टेबल आठवलं की अजून त्याची कानशिलं तापायची. मुगीला कुणी असं टेबलावर चढवलं तर, एवढीच त्याची धास्ती होती. तसं झालं तर आपण मध्ये आडवं पडायचं, हे त्याने पक्कं ठरवलं होतं. पण आडवं पडायचं म्हणजे आधी तोंड उघडायचं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

म्हणून सोमवारी तो वाक्य पाठ करून गेला. 'आम्हाला हा वर्ग योग्य वाटत नाही. क्षमा करा.' रस्त्याने एका दिव्याच्या खांबाला, एका उभ्या सायकलला आणि एका मांजराला त्याने ते म्हणून दाखवलं. तिघांनीही ऐकून घेतलं.

वर्ग घेणाऱ्या ताई तरुण होत्या, गोल चष्म्याच्या, आणि पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालणाऱ्या. त्यांनी खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली.

"आम्हाला हा वर्ग..." पेंटर म्हणाला.

"पटला ना?" ताईंचा चेहरा असा उजळला की बास. "मला वाटलंच होतं! काही पालक फार घाबरतात हो."

"हो," पेंटर म्हणाला, आणि एक बिस्किट तोंडात कोंबलं.

मग ताईंनी वीस प्रश्नांचा फॉर्म पुढे सरकवला. पहिलाच प्रश्न होता, 'इतक्या लहान वयात असा वर्ग घेणं तुम्हाला योग्य वाटतं का?' आणि पुढे तीन चौकोन: होय, नाही, सांगता येत नाही. पेंटरने विसाच्या वीस ठिकाणी 'सांगता येत नाही'वर खूण केली.

"विसांपैकी एकही सांगता येत नाही?" ताई हसून म्हणाल्या.

पेंटरने सगळं बळ एकवटलं. "ती लाजरी आहे," तो फॉर्मकडे बघत म्हणाला. "आजारी नाही."

"अगदी बरोबर. लाजरी राहू दे की! तिला बडबडी करायचं कुणाच्या मनात आहे? पण शू लागली तर सांगता यायला हवं, एवढंच आहे बघा माझं म्हणणं. ढकलायचं नाही. पायरी आपण ठेवायची, चढायचं तिने, तिला वाटेल तेव्हा."

पेंटरला ते पटलं, आणि पटलं याचा रागही आला.

"आणि टेबल?" त्याच्या तोंडून निसटलं.

"कसलं टेबल?"

"काही नाही," पेंटर म्हणाला आणि चौथं बिस्किट उचललं.

शनिवारी खुर्च्या मांडायच्या म्हणून तो मुगीला घेऊन अर्धा तास आधी पोचला, तर उरलेले आठ पालक आधीच हजर. कुणी नसताना पोचावं म्हणजे कुणाशी बोलावं लागणार नाही, असा हिशेब प्रत्येकाने केला होता. लाजऱ्या मुलांचे आईबाप कसले असणार, ते का वेगळं सांगायला हवं? त्यात एक बसचा ड्रायव्हर होता, माणसांकडे आरशातूनच बघायची सवय असलेला; तो बसचा आरसा बरोबर आणता आला असता तर बरं, असा चेहरा करून बसला होता. एक दातांची डॉक्टर होती. पेशंटच्या तोंडात अवजार असेल तेव्हाच तिला गप्पा मारता यायच्या, कारण समोरचा उत्तर देऊ शकत नसे. पेंटरने बालवाडीतल्या इवल्या खुर्च्या गोलात मांडल्या. जो तो बसल्यावर आपली खुर्ची हळूच इंचभर मागे घ्यायचा. पाच मिनिटांत गोल एवढा मोठा झाला की नऊच्या नऊ जण भिंतींना टेकले, गुडघे हनुवटीला लावून.

वर्गाची रीत अशी होती की पहिला अर्धा तास ताई पलीकडच्या खोलीत मुलांबरोबर, आणि पालकांनी तोवर इकडे माहितीपत्रक वाचत बसायचं. नंतर सगळे एकत्र. ताई मुलांना घेऊन गेल्या, मधलं दार लागलं. इकडे अशी शांतता पसरली की ड्रायव्हरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं.

आणि बाहेरचं दार धाडकन उघडून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले. काखेत तक्ते, हातात जाळीची टोपी.

"अरेच्चा, तुम्ही मंडळी इथे बसलात होय! आणि मी शेजारच्या खोलीत वाट बघतोय!" ते आनंदाने ओरडले. "मी तर म्हटलं, यंदाही कुणी आलं नाही. वा, वा! नऊ जण! चला, करू सुरुवात. मधमाशी म्हणजे काय?"

आता तुम्ही-आम्ही असतो तर म्हणालो असतो, काका, तुमची खोली चुकली. पण इथे नऊ जण बसले होते, आणि प्रत्येक जण उरलेल्या आठांपैकी कुणीतरी बोलेल म्हणून थांबला होता. दोन मिनिटं गेली. पाच गेली. काकांनी फळ्यावर राणीमाशी काढली. दहा मिनिटांनी बोलणं जास्तच अवघड झालं, कारण मग आधी का नाही बोललात, असा प्रश्न आला असता. डॉक्टरीणबाईंनी वही काढून टिपणं घ्यायला सुरुवात केली. तसं सगळ्यांनीच काहीतरी लिहायला घेतलं. पंचवीस मिनिटांनी काकांचे डोळे पाणावले. "तीस वर्षं माश्या पाळतोय," ते म्हणाले, "पण इतक्या शांतपणे माझं कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पोळ्याची रचना!"

ते गेले आणि ताई आल्या. फळ्यावरची राणीमाशी पाहून त्यांना वाटलं, मोठ्या मुलांच्या वर्गाची असेल. त्यांनी ती पुसली. नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापले कागद घडी करून खिशात घातले.

घरी हे ऐकून बायको आधी हसली, मग पोट धरून हसली, मग जमिनीवर बसून हसली. "दिवसाला साठ तक्रारी ऐकते मी," ती डोळे पुसत म्हणाली, "पण असलं काही नाही ऐकलं. पुढच्या वेळी सांगून टाक."

"सांगणार म्हणजे काय, सांगणारच!" पेंटर गरजला.

पुढच्या शनिवारी तो पोळ्याची रचना शिकून आला.

ताईंचा वर्ग मात्र, खरं सांगायचं तर, झकास चालला होता. त्यांनी प्रत्येक मुलाला एक कागदी शिडी दिली होती, सहा पायऱ्यांची. मुगीची पहिली पायरी होती, बालवाडीतल्या तिच्या बाईंना लांबून हात हलवायचा. दुसरी, बाईंच्या हातात एक ठोकळा द्यायचा. तिसरी, ताईंच्या हातातल्या कापडी सशाच्या कानात एक शब्द कुजबुजायचा. चौथी, तोच शब्द एका मैत्रिणीला सांगायचा. पाचवी शूची. सहावी कोरी होती, ती मुलाने स्वतः ठरवायची. कुणी घाई करत नव्हतं. मुगी एका पायरीवर दोन आठवडे बसली तरी ताई म्हणायच्या, "बसू दे की, पायरी काय पळून जातेय?" आणि पायरी चढली की टाळ्याबिळ्या नाहीत. फक्त एक चिकटचित्र, आणि तेसुद्धा कुणाचं लक्ष नसताना. पेंटर दर शनिवारी खोलीत टेबल शोधायचा, पण तिथे उभं राहण्याजोगं टेबल दिसलं नाही.

घोळ एवढाच होता की ताईंनी पालकांनाही शिड्या दिल्या. "मुलं तुमच्याकडे बघून शिकतात," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला, रागावू नका हं, मुलांपेक्षा जास्त गरज आहे." नऊ जण लाजून हसले.

घरच्या कपाटावर दोन शिड्या शेजारी शेजारी लागल्या. पेंटरच्या शिडीवर पहिली पायरी होती, दुकानदाराला 'दुसरं दाखवा' म्हणायचं. ते जमलं, तीन दुकानांसमोरून फिरून आल्यावर. तिसरी पायरी न्हावी. पेंटर खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ही झालर... नको."

न्हाव्याच्या हातातली कात्री खाली पडली. "देवाशपथ?" तो म्हणाला. "अहो, अकरा वर्षं मी जीव मुठीत धरून ती कापतोय! मला वाटलं, तुमची हौस आहे!"

पेंटर उघड्या कपाळाने घरी आला तेव्हा मुगीने त्याला ओळखायला क्षणभर नकार दिला, आणि मग खुर्चीवर चढून स्वतः त्याच्या कपाळावर चिकटचित्र लावलं.

शेवटची पायरी ताईंनी लिहून दिली होती. 'आग्रह करणाऱ्या माणसाला नको म्हणणं.' आणि आग्रह करणारा माणूस तर दर शनिवारी जाळीची टोपी घेऊन येत होता. पाचव्या शनिवारी काकांनी बॉम्बच टाकला.

"मंडळी, माझे गुडघे आता साथ देत नाहीत," ते म्हणाले. "माश्या कुणाला तरी द्यायच्या होत्या. पण भलत्याच्या हाती कशा देऊ? पुढच्या शनिवारी तुम्हा प्रत्येकाला एकेक मधपेटी. माझ्याकडून भेट! चालेल ना?"

नऊ माना होकारार्थी हलल्या. पेंटरचीही हलली. त्याने तिला थांबवायचा प्रयत्न केला, पण ती हलली.

"एका पेटीत किती माश्या असतात?" घरी बायकोने विचारलं. यावेळी ती हसली नाही.

"वीस हजार," पेंटर म्हणाला. त्याला आता सगळं येत होतं.

"आणि त्या कुठे राहणार?"

दोघांनी खिडकीबाहेरच्या त्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथे एक दोरी होती आणि एक कुंडी.

"बाबा, माश्या चावतात?" मुगीने विचारलं.

"चावतात."

"मग तुला हव्यात?"

"नकोत गं."

"मग नको म्हण ना! चल, मी काका होते." तिने डोक्यावर चाळण घातली, पोट पुढे काढलं आणि खोलीत शिरली. "नमस्कार मंडळी! ही घ्या पेटी!"

पेंटरने घसा खाकरला. चाळणीच्या भोकांतून दोन डोळे त्याच्याकडे मोठ्या आशेने बघत होते. त्याने तोंड उघडलं.

"घेतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने मुगीकडून सहा मधपेट्या घेतल्या. सातव्या वेळी मुगीने चाळण काढली आणि त्याच्याकडे फार गंभीरपणे बघितलं. "बाबा, तुला अजून पायऱ्या पाहिजेत," ती म्हणाली.

शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या घरची माणसं बोलावली होती. पेंटरची बायको आली, मुगीच्या वर्गाच्या बाई आल्या, मोठ्या बाई आल्या, म्हणजे बालवाडीच्या मुख्याध्यापिका. मुगीच्या शिडीवर पाच चिकटचित्रं लागली होती, पाचवं कालच. तिने बाईंच्या फ्रॉकचं टोक ओढून सशाच्या कानात 'शू' म्हटलं होतं आणि सशाने ते बाईंना सांगितलं होतं. ताईंच्या मते हे चालण्यासारखं होतं. सहावी पायरी मात्र कोरी होती, आणि वर्गात मोठ्याने शब्द अजून एकही आला नव्हता.

मुलं पालकांच्या मांडीवर बसली होती आणि ताई काही बोलणार, एवढ्यात दार उघडलं. काका आले, नवा कोट घालून, आणि हातात जाळीने बंद केलेली लाकडी पेटी. पेटी गुणगुणत होती. "बाकीच्या आठ बाहेर गाडीत आहेत!" ते म्हणाले. ताईंनी चष्मा काढून पुन्हा घातला. मोठ्या बाई एका इवल्या खुर्चीमागे सरकल्या.

काका थेट पेंटरसमोर आले. "तुम्ही पहिल्या दिवशी खुर्च्या मांडल्यात, म्हणून पहिला मान तुमचा. घ्या!"

पेंटर उभा राहिला. आता, तो मनात म्हणाला. खांबाला म्हटलं होतं, मांजराला म्हटलं होतं, न्हाव्याला म्हटलं होतं. त्याने तोंड उघडलं. काकांचे डोळे आनंदाने चमकत होते. पेंटरचे ओठ हलले, कानशिलं लाल झाली, आणि त्याचे हात त्याला न विचारता पेटीकडे निघाले.

"बाबाला माश्या नकोत!"

आवाज खालून आला. मोठा, खणखणीत, साबणाला रागावतानाचा. मुगी बापाच्या आणि पेटीच्या मध्ये उभी होती, विजारीची दोन्ही टोकं मुठीत धरून.

"त्याला नको म्हणता येत नाही," तिने काकांना समजावून सांगितलं. "तो लहान होता ना, तेव्हा त्याला कुणी शिकवलंच नाही."

खोलीत फक्त वीस हजार माश्यांचा आवाज. पेंटरला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते त्याला कळेना. बाईंनी तोंडावर हात धरला होता. आठ महिने ज्या आवाजाची वाट बघितली तो असा येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मला..." बसचा ड्रायव्हर भिंतीकडून म्हणाला. "मलाही नको."

"आम्हालाही!" त्याच्या शेजारचा म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

मग काय, बांधच फुटला. "नको!" "मलाही नको!" "मी पालक वर्गाला आलो होतो हो, पहिल्या दिवसापासून!" माणसं उठून उभी राहिली, नको म्हणायची चव लागल्यासारखी एकाने तर दोनदा म्हटलं. ड्रायव्हर हसत सुटला, त्याला बघून सगळे हसत सुटले, पोरं मांड्यांवरून उतरून 'नको नको' करत खोलीभर नाचू लागली.

काका मात्र पेटी घेऊन तसेच उभे होते. "म्हणजे पाच आठवडे..." ते म्हणाले. "तुम्ही कुणीच माझ्या वर्गाचे नव्हता?"

हसणं थांबलं. सगळ्यांना एकदम लाज वाटली.

"मी आहे," दातांची डॉक्टर म्हणाली. तिच्या हातात भरलेली वही होती. "मला हवीय. खरंच हवीय. जमलं तर दोन." काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने खाली बघितलं, पण वाक्य मागे घेतलं नाही. मग काकांच्या मिशा थरथरल्या आणि तेही गदागदा हसायला लागले. "पाच आठवडे!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पोळ्याची रचनासुद्धा ऐकलीत!"

या सगळ्या आनंदात मोठ्या बाई खुर्चीमागून बाहेर आल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! काय आवाज आहे मुलीचा!" त्या म्हणाल्या. "आता पुढच्या महिन्यात शाळेच्या कार्यक्रमात हिलाच उभं करू या. स्टेजवर! सगळ्यांसमोर दोन शब्द बोलेल, लोकांना कळेल तरी या वर्गाने काय केलं ते. काय, पेंटर? चालेल ना?"

मुगी एक पाऊल मागे सरकली आणि बापाच्या पायामागे गेली. तिची मूठ त्याच्या विजारीवर आवळली, हे त्याला कापडातून कळलं.

हेच ते टेबल. तीस वर्षांनी चालत इथपर्यंत आलं होतं.

पेंटर खाली बसला, उकिडवा. "मुगे, जायचंय तुला स्टेजवर?"

मुगीने मान हलवली. नाही.

तो उभा राहिला. ताईंनी शिकवलं म्हणा, पोरीने शिकवलं म्हणा, पण त्याचा आवाज आला तो थेट त्याच्या पाट्यांवरच्या अक्षरांसारखा.

"नको," तो म्हणाला. "ती स्टेजवर उभी राहणार नाही."

"अहो, पण मुलं अशानेच धीट..."

"नको, बाई. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. आता सांगता येतं तिला."

मोठ्या बाईंनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी हसू दाबत फक्त चष्मा नाकावर वर ढकलला. "बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "राहिलं." इतकंच! पेंटरला वाटलं होतं छत कोसळेल. छत जागच्या जागी होतं.

निघताना ताईंनी पुन्हा तोच वीस प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. पेंटरने पहिल्या प्रश्नापुढे 'होय'वर खूण केली, एवढी ठळक की ती खालच्या तीन कागदांवर उमटली. मुगीने तेवढ्यात ताईंच्या खिशातून स्वतःच एक चिकटचित्र काढलं आणि घरून आणलेल्या शिडीच्या कोऱ्या सहाव्या पायरीवर लावलं.

तिघं रस्त्याने निघाली. मुगी बापाच्या खांद्यावर बसली होती आणि आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं बोलणं रस्त्यावर सांडत होती.

"आता मला लग्नाचं विचारायची भीतीच वाटेल बाई," बायको म्हणाली.

"विचार की."

"करशील?"

"हो," पेंटर म्हणाला. तिने 'करशील' म्हणायच्या आधीच त्याने तोंड उघडलं होतं. दिवसाला साठ माणसांना उत्तरं देणाऱ्या बायकोने नुसता त्याचा हात धरला.

"बाबा, तुला लहानपणी स्टेजवर उभं केलं होतं?" वरून प्रश्न आला.

"टेबलावर."

"कुणी?"

"माझ्या मामाने."

"मग तू नको म्हणालास?"

"नाही गं," पेंटर म्हणाला. "आलंच नाही तोंडातून."

मुगीने दोन्ही हातांनी त्याचं उघडं कपाळ थोपटलं.

"मग आता म्हण," ती म्हणाली.

पेंटर भर रस्त्यात थांबला. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि तीस वर्षांपलीकडच्या त्या भरल्या घराला, त्या हसणाऱ्या मामाला असं काही "नको!" म्हटलं की समोरच्या कोपऱ्यावर जाहिरातीची पत्रकं वाटणाऱ्या माणसाने पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घेतला.